किरणच्या हँडलवरची चिठ्ठी

अरुण,

आज सकाळी तुझी चारही स्टॉपवॉच उघडून बॅटऱ्या काढून ठेवल्या. वापरात नसलं की बॅटऱ्या गळतात आणि आतलं सगळं खातात, हे तूच मला शिकवलं होतंस. तीन घड्याळांच्या निघाल्या. चौथ्याचा स्क्रू झिजला आहे, तो फिरेना. ते घड्याळ तसंच डब्यात ठेवलं आहे.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. निशाचा फोन आला होता. "आई, मुलांना अरुणमामाबद्दल काहीतरी लिहून पाठव. त्यांना येता आलं नाही, ती दोघं फार गप्प आहेत." मी म्हटलं, लिहीन. दर रविवारी लिहितेच मी त्यांना, क्रमांक घालून. तू हसायचास, "ताई, नातवंडांना पत्र लिहितेस की परिपत्रक काढतेस?" तसंच एक परिपत्रक लिहायला बसले. तुझा जन्म, तुझ्या शर्यती, तू तयार केलेली मुलं, भिंतीवरची पदकं. दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. त्यातलं सगळं खरं होतं, पण त्यात तू नव्हतास आणि मीही नव्हते. मला जे सांगायचं आहे ते तुलाच सांगायचं आहे. तेव्हा पत्र तुला लिहिते. मिहिर आणि सई ते वाचतील. सईला मराठी वाचता येतं, अडखळत का होईना, ती मिहिरला वाचून दाखवेल. अरुणआजोबा कसे होते हे त्यांना कळायला हवं, आणि आपली आजी कशी आहे तेही.

मिहिर नऊ वर्षांचा असताना सुट्टीत आला होता, तेव्हा तू त्याला संघ म्हणजे काय ते जेवणाच्या टेबलावर समजावलं होतंस. माझ्या खणातले सात चमचे काढून एका ओळीत मांडलेस आणि त्यांच्या मागे एक काटा ठेवलास. "हा काटा म्हणजे कॅप्टन. पुढचे सात चमचे वारा खाणार. काटा त्यांच्या आडोशाला बसून पाय राखणार. शेवट आला की चमचे बाजूला, काटा बाहेर. शर्यत आठ जण चालवतात आणि जिंकतो एक."

मिहिर म्हणाला, "पण एखाद्या चमच्याला जिंकायचं असेल तर?"

"मग कुणाचंच जेवण होत नाही," तू म्हणालास आणि काटा त्याच्या हातात दिलास.

मी पोळ्या लाटत होते. तिथूनच म्हटलं, "त्याने चांगला प्रश्न विचारलाय. उत्तर दे." तू म्हणालास, "ताई, पोळी करपेल." आपला सगळा वाद एवढाच होता आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही.

त्या वादाचं मूळ तुला माहीत होतं, तरी आपण दोघांनी ते कधी उकरलं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले आणि पहिल्या पगारातून तुला हिरवी सायकल घेऊन दिली. तू सतरा वर्षांचा होतास. दोन वर्षांनी इगतपुरीहून नाशिकपर्यंतच्या एका शर्यतीत मी शेवटच्या रेषेपाशी उभी होते. लांबून हिरवी सायकल दिसली, एकटी, सगळ्यांच्या पुढे. मी "अरुण, अरुण" म्हणून ओरडले, दोन्ही हात वर करून. सायकल जवळ आली तेव्हा कळलं, वर दुसराच माणूस आहे. तुझा कॅप्टन. घोटीपाशी त्याची साखळी तुटली आणि तू तुझी सायकल त्याला दिली होतीस. तू दोन-अडीच तासांनी आलास, कधी एखाद्या बैलगाडीच्या मागे सायकल टाकून, कधी ती मोडकी सायकल हाताने ढकलत. तोवर हारतुरे होऊन माणसं घरी गेली होती.

"त्याने दे म्हटलं आणि तू दिलीस?" मी विचारलं.

"म्हणायच्या आधीच दिली. ताई, पुढचं वर्ष माझं आहे. तो बोललाय तसं."

पुढच्या वर्षी तोच कॅप्टन राहिला. त्याच्या पुढच्या वर्षी तुझा गुडघा गेला. तू त्या माणसाला दर दिवाळीला फराळ पाठवत राहिलास. मी मात्र आजही हिरव्या रंगाची सायकल दिसली की तोंड फिरवते. मी तुझ्यासाठी ओरडले होते, अरुण, आणि ते दुसऱ्याच्या पदरात पडलं.

एवढं सांगून मी चिठ्ठीकडे येते.

चिठ्ठ्यांचं काम माझ्याकडे आलं ते तुझ्या अक्षरामुळे. तुझं अक्षर तुलाच लागत नसे. हे गेले, मी वरच्या मजल्यावर एकटी पडले, तेव्हा तू बाडबिस्तरा घेऊन माझ्याकडे राहायला आलास आणि खालच्या हॉलमध्ये सायकली टांगल्यास. महिन्याभराने माझ्या हातात स्टॉपवॉच दिलंस. "वेळेच्या बाबतीत तुझ्याएवढं खडूस नाशकात कुणी नाही. ये जीपमध्ये." त्या वाक्याने मला पुढची पंधरा वर्षं दिली. पहाटे गंगापूर रस्त्यावर, दिंडोरीकडे, वणीच्या घाटात मी मुलांच्या वेळा टिपत बसले. विधवा बाईने सकाळी काय करायचं असतं, हा प्रश्न मला पडलाच नाही. हे उपकार मी तोंडाने कधी मान्य केले नाहीत. आज करते.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तू टेबलाशी बसायचास, डोळे मिटून सगळा रस्ता मनातल्या मनात चालवायचास आणि सांगायचास. मी दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यांवर लिहायची. डावीकडे ठिकाण, उजवीकडे दोन-तीन शब्द. वर चिकटपट्टी, म्हणजे घामाने शाई फुटत नाही. सकाळी ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हँडलवर. "डोकं घरी ठेवून या रे," तू मुलांना सांगायचास. "आजचं डोकं ताईंनी हँडलवर चिकटवलंय."

कॅप्टन सोडून बाकी सगळ्यांच्या चिठ्ठीची शेवटची ओळ एकच असायची. शेवटचा किलोमीटर, तुझ्या मनाने. काम संपलं, आता तू मोकळा, हे तुझं म्हणणं. मी म्हणायचे, नव्वद-शंभर किलोमीटर दुसऱ्यासाठी वारा खाल्ल्यावर मन उरतं कुठे? तू म्हणायचास, "उरतं. किती उरतं ते तिथेच कळतं."

किरण आपल्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. देवळा तालुक्यातला, उमराण्याजवळ त्यांचं शेत. कांद्याचं घर. घरात पिकअप, दारात दोन म्हशी, खाऊन-पिऊन बरं. बापाचा एकच प्रश्न होता, सायकलवर बसून कुणाचं पोट भरलंय? पहिल्याच दिवशी तू पाहिलंस की हा मुलगा पुढच्याच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून तासभर राहू शकतो.

"वारा चुकवायला कुठे शिकलास?"

"कांद्याच्या ट्रॅक्टरमागं, सर. शाळेत जाताना."

"ट्रॅक्टरवाला शिव्या नाही द्यायचा?"

"द्यायचा ना. पण तो पुढं, मी मागं. मारायचं तर त्याला आधी थांबावं लागायचं."

तू इतका हसलास की स्टॉपवॉच बंद करायचं राहिलं. त्या दिवशीची वेळ माझ्या वहीत कोरीच आहे.

घाट चढून आला की तू विचारायचास, "कसं काय?" आणि तो धापा टाकत त्यांच्याकडच्या बोलीत म्हणायचा, "बरं शे," म्हणजे बरं आहे. मग आपल्या घरात सगळंच बरं शे झालं. माझे गुडघे बरे शे, आमटी बरी शे. असं म्हणत नाहीत, असं तो हसत हसत सांगायचा, पण तू ऐकायचा नाहीस. एकदा मात्र तो मला म्हणाला होता, "आजी, ट्रॅक्टरमागं होतो तेव्हा मला वारा लागत नव्हता. इथं आल्यापासून सगळा वारा मलाच." हसतच म्हणाला. मी ते विसरले नाही.

कॅप्टन सुनील होता, निफाडचा. एकतीस वर्षांचा, घरी बायको आणि लहान मुलगी. सपाट रस्त्यावर आणि शेवटच्या दोनशे मीटरला त्याच्यासारखा कुणी नव्हता. चढावर मात्र त्याचा जीव जायचा. त्याच्या नोकरीचं घोडं अडलं होतं. खेळाडूंसाठीच्या जागेवर त्याची शिफारस होणार होती, पण मालेगावपर्यंतच्या त्या शर्यतीत पहिल्या तिघांत यायला हवं होतं, आणि वयाच्या अटीत बसणारी ती त्याची शेवटची शर्यत होती. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

ती संध्याकाळ मी रोज आठवते. सुनीलची चिठ्ठी लिहून झाली होती. चढ, किरणच्या मागे. मग किरणची घेतली.

"चढ?" मी विचारलं. चांदवडचा चढ.

"सुनीलजवळ."

"उतार?"

"सुनीलजवळ."

"उमराणे?"

"सुनीलजवळ. ताई, सगळीकडे तेच आहे, विचारतेस कशाला?"

मी पेन खाली ठेवलं. "किरण त्या चढावर सुनीलपेक्षा दीड मिनिट लवकर येतो. वहीत आहे."

"माहीत आहे मला."

"उमराण्यात त्याचं सगळं गाव उभं राहणार आहे."

"म्हणूनच म्हणतो. गाव बघितलं की पोरगं पेटतं, आणि त्याच्यापुढे वीस किलोमीटर समोरचा वारा आहे. एकटा गेला तर तोही जाईल आणि सुनीलही जाईल."

"मग त्याची पाळी कधी?"

"पुढच्या वर्षी. सुनील नोकरीला लागला की कॅप्टन किरणच."

मी म्हटलं, "तुलाही हेच सांगितलं होतं."

तू डोळे उघडलेस. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू दिव्याच्या उजेडात दुधासारखा दिसत होता. शस्त्रक्रिया तू पुढे ढकलत होतास. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुला दिसत होते की नाही कोण जाणे, आणि म्हणालास, "लिही, ताई." मग टायर बघायला खाली गेलास.

पस्तीस वर्षं मी पेपर तपासले. माझ्या हातून एका गुणाची खाडाखोड झालेली नाही. त्या संध्याकाळी मी किरणच्या चिठ्ठीवर चढासमोर लिहिलं, तुझ्या मनाने. तुझेच शब्द. फक्त शेवटच्या किलोमीटरवरून उचलून मी ते चाळीस किलोमीटर अलीकडे आणून ठेवले. खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या. वर चिकटपट्टी लावली.

सुनीलची चिठ्ठी तशीच राहिली. ती बदलावी असं मला सुचलंच नाही. एकाच्या चिठ्ठीत दुसऱ्याची अडकलेली असते, हे इतकी वर्षं लिहूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी आयुष्यभर एकेका मुलाचा पेपर वेगळा तपासत आले. मला किरणवर अन्याय होताना दिसत होता. खरं सांगायचं तर किरणसुद्धा दिसत नव्हता. मला मोडकी सायकल ढकलत येणारा माझा भाऊ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मी तुझ्या शेजारी होते. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, सगळं तू सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. चांदवडचा चढ लागला. किरणने दोनदा खाली हँडलकडे पाहिलं. मग तो सीटवरून उठला आणि गेला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. सुनील त्याच्या चाकाला लागायला धडपडला, पाच-सहा पेडल, आणि मागे पडला.

"हा काय करतोय?" तू म्हणालास. "ताई, हा काय करतोय?"

मी म्हटलं, "दिसत नाही नीट." पुढे कांद्याच्या ट्रकांची रांग होती. आपली जीप अडकली, आणि तू खिडकीतून हात बाहेर काढून जीपचा पत्रा बडवत राहिलास.

रांग सुटून आपण उमराण्यात पोचलो तेव्हा तो पुढे एकटाच होता. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, ट्रॉलीवर उभ्या बायका, त्यांत त्याची आई स्टीलचा तांब्या घेऊन. कुणीतरी ओरडत होतं, "एकला शे, एकला शे!" मागच्यांना अजून दोन मिनिटं होती. मला आनंद झाला, अरुण. तुझ्या शेजारी बसून मी हसले. तू पाहिलं नाहीस, असं मी धरून चालले आहे.

गाव संपलं आणि वारा लागला. तू म्हणाला होतास तसाच, समोरून. मालेगाव आठ किलोमीटरवर असताना टोळीने त्याला गाठलं आणि ती त्याच्या अंगावरून निघून गेली. सुनीलने तोवर एकट्याने वारा खाल्ला होता. तो चौथा आला.

शेवटच्या रेषेपलीकडे एका गोदामाच्या सावलीत मुलं बसली होती. रविवार असूनही आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे तुला मोठ्याने बोलावं लागलं आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"चिठ्ठीत काय होतं?"

"सुनीलदादाजवळ, सर," किरण म्हणाला.

"मग?"

तो बुटाचा पट्टा सोडवत राहिला.

"चिठ्ठी कुठाय?"

"पडली, सर."

त्याच्या हँडलवर चिकटपट्टीची फाटकी कड राहिली होती, नखाएवढी. तुला ती दिसली नाही. मला दिसली. मी लावलेली पट्टी आपोआप पडत नाही. किरणने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं, सर."

माझ्या हातात केळ्यांची टोपली होती. मी पुढच्या मुलाला केळं दिलं.

सई, मिहिर, या वाक्यापाशी थांबून पुन्हा वाचा. आजोबा कडक होते, असं तुम्ही म्हणायचात. ते त्या दिवशी एका मुलावर रागावले, कारण त्यांना जे कळायला हवं होतं ते त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने सांगितलं नाही.

सुरुवातीला मी ठरवलं, तुझा राग निवला की सांगेन. मग म्हटलं, डोळ्याची शस्त्रक्रिया होऊ दे. मग सुनीलची नोकरी हुकल्याचं पत्र आलं आणि तो एका द्राक्षाच्या शीतगृहात कामाला लागला. तेव्हा वाटलं, आता सांगून काय उपयोग. अशी दोन वर्षं गेली. तू किरणचं नाव टाकलंस. कधी उल्लेख आलाच तर 'तो देवळ्याचा'. एकदा जेवताना मध्येच हात थांबवून म्हणालास, "मी त्याला घडवायला कुठे चुकलो गं?" मी म्हटलं, "भाजी वाढू का?"

डोळा नीट झाल्यावर पुढच्या शर्यतीला तू म्हणालास, "आता चिठ्ठ्या मुलं छापून आणतात. तुझ्या डोळ्यांना त्रास कशाला?" माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. तुला कळलं होतं का, अरुण? कळलं असेल तर तू दोन वर्षं माझ्या हातचं जेवलास आणि एक शब्द बोलला नाहीस. नसेल कळलं तर तू एका मुलाला कायमचं खोटारडा समजून गेलास. दोन्हींपैकी कुठलं बरं, हे मला अजून ठरवता येत नाही.

झटका आल्यावर तू नऊ दिवस हॉस्पिटलात होतास. बोलणं गेलं होतं, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, बोलत राहा. मी वही नेली आणि तुला वणीच्या घाटातल्या जुन्या वेळा वाचून दाखवल्या. किरणचं पान आलं की उलटायची. सहाव्या दिवशी नर्स बाहेर गेली होती. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "अरुण, ती चिठ्ठी..." तुझ्या बोटांत काहीतरी हललं, की मला तसं वाटलं. तेवढ्यात सुनील थर्मास घेऊन आत आला. मी म्हटलं, "चहा आणलास का?" त्यानंतर तीन दिवस होते माझ्याकडे. मी पुन्हा सुरुवात केली नाही.

तुझ्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी किरण आला. दारात पिकअप लावला. पिंपळगावला कांदा टाकून येत होता. चांगला भरला आहे अंगाने. वर यायला तयार होईना, सायकलींच्या हॉलच्या पायरीवरच बसला. मी शेजारी बसले.

"कसा आहेस?"

"बरं हाय, आजी." शे म्हणाला नाही.

मी त्याला म्हटलं, "किरण, त्या चिठ्ठीवर मी..."

"माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"सुरुवातीला ओळीत उभे होतो ना, सुनीलदादाचं हँडल माझ्या बाजूलाच होतं. त्याच्यावर लिहिलेलं, चढ, किरणच्या मागे. मंग माझी वाचली. सर काय एकाच वेळी दोन्ही सांगणार नाय. तुमचं काम हाय ते समजलं."

"मग विचारलं का नाहीस? सर दहा पावलांवर उभे होते."

तो हाताला लागलेली कांद्याची टरफलं काढत बसला. "विचारलं असतं तर थांब म्हणाले असते."

पिकअपच्या बोनेटवर एक कावळा येऊन बसला आणि उडाला. किरण म्हणाला, "मला जायचंच होतं, आजी. आई उभी राहणार होती. तुमचं अक्षर दिसलं, निमित्त झालं. नसतं दिसलं तर गेलो असतो का, ते लय वेळा मनाला विचारलं. नाय सांगता येत."

"आणि फाडलीस का?"

"मला काय, दुसरं काम भेटलं असतं. भेटलंच. सरांना दुसरी ताई कुठं भेटणार होती?"

त्याने चहा घेतला नाही. गाडी वळवून गेला.

म्हणजे त्या सकाळी मला माहीत होतं आणि किरणला माहीत होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तुला आणि सुनीलला. ज्या दोघांनी शब्द पाळला, त्या दोघांना. तेवीस वर्षांच्या मुलाने एका म्हातारीला वाचवायला स्वतःची सायकल सोडली, जशी तू सोडली होतीस, आणि पुन्हा एकदा मी चुकीच्या माणसासाठी आनंदले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं खाली जमली तेव्हा मी जिना उतरून गेले. संघ आता सुनील बघतो. तो एका चाकात हवा भरत होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. पंप थांबला.

"सरांना सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला सांगता, ताई?"

"किरणचं नाव मोकळं व्हावं म्हणून."

"किरणचं नाव." तो चाकाकडे बघत होता. "पोरगी विचारते, बाबा, तुम्ही जिंकला का नाही? मी सांगत आलो, एक किरण नावाचा काका होता. आता कुणाचं नाव सांगू?"

"माझं सांग."

त्याने दोनदा पंप मारला. "तुमचं नाही सांगवत," तो म्हणाला. "त्याला म्हणावं, यायचं तर ये. मी बोलवायला जाणार नाही." मग हेल्मेट घातलं आणि मुलांना घेऊन निघून गेला. त्यांतली दोन मुलं जाताना माझ्याकडे वळून बघत होती. त्यांच्या हँडलवर छापील चिठ्ठ्या होत्या.

मी किरणला फोन केला. "पाय गेले, आजी," तो म्हणाला. "दोन वर्षं क्लच दाबतोय. तुम्ही सांगितलं, तेवढं बस." तरी रविवारी मी नऊपर्यंत गच्चीत उभी होते. तो आला नाही.

मुलांनो, मिहिरचा तो चमच्यांचा प्रश्न बरोबर होता आणि आजोबांचं उत्तरही बरोबर होतं, असं मला आता वाटतं. चमच्यालाही जिंकायचं असतं. पण ते चमच्याने उघड बोलायचं असतं आणि काट्याने ऐकायचं असतं. टेबल मांडणाऱ्याने गुपचूप जागा बदलायच्या नसतात.

अरुण, आज संध्याकाळी तुझ्या खुर्चीसमोर बसून किरणची चिठ्ठी पुन्हा लिहिली. तू सांगितली होतीस तशीच, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

चढ — सुनीलजवळ.
उतार — सुनीलजवळ.
उमराणे — सुनीलजवळ.
शेवटचा किलोमीटर — तुझ्या मनाने.

शाई वाळली. वर चिकटपट्टी लावली आहे, कडा नीट दाबून. आता ती कुणाच्या हँडलवर लावायची, हे सांगायला तू नाहीस.

ताई